एकजुटीचे मोल
(बार्शीटाकळी येथे महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



महोत्सवमंडळाने या व्याख्यानासाठी मला जो विषय नेमून दिला तो असा : टेलिफोनखात्यातील दीर्घ नोकरीत कामगार संघाच्या सभासदत्वाचे मोल काय? विषय ऐकून काही मंडळींच्या कपाळी आठ्या पडल्या असतील. ज्युबिलीचा मंगल प्रसंग, आणि त्यात युनियन, संप, मागण्या यांचे बोलणे कशास, असे कोणास वाटल्यास त्यात नवल नाही. परंतु जो माणूस रविवारी वेदीपुढे गुडघे टेकतो तोच सोमवारी खांबावर चढतो, फायबर जोडतो किंवा कॉल सेंटरात रात्रपाळी करतो. त्याची भाकर, त्याचा विसावा आणि त्याच्या म्हातारपणाची सोय यांचा विचार धर्मग्रामाने करू नये, तर कोणी करावा?

शिवाय हा प्रश्न केवळ जुन्या गोष्टींचा नाही. आपल्या बाजूची जी तरुण मुले आज टॉवरच्या, फायबरच्या आणि मोबाइल कंपन्यांच्या कामास लागतात, ती बहुधा ठेकेदाराच्या हाताखाली लागतात. नेमणुकीचा कागद एकाचा, काम दुसऱ्याचे आणि पगार तिसऱ्याच्या हातून, अशी त्यांची स्थिती. ती मला विचारतात, "काका, वर्गणी तर तुम्ही जन्मभर भरलीत, युनियनने तुम्हाला दिले तरी काय?" हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. माझे आजचे सारे बोलणे मुख्यतः या मुलांसाठी आहे.

प्रथम कामाचे स्वरूप सांगतो. मी १९७४ साली ट्रंक बोर्डावर ऑपरेटर म्हणून लागलो आणि २०१४ साली सेवानिवृत्त झालो. त्या काळी परगावी बोलावयाचे म्हणजे आधी कॉल नोंदवावा लागे. ऑपरेटर तिकिटावर नंबर टिपून घेई, वाट मोकळी झाली की दोरीचा प्लग या भोकातून त्या भोकात घाली आणि दोन गावांतील दोन माणसांची गाठ घालून देई. कापसाच्या हंगामात अडत्यांचे अर्जंट कॉल, लग्नसराईत सोयऱ्यांचे कॉल आणि रात्री-अपरात्री कोणाच्या घरी देवाज्ञा झाल्याचे कॉल, असे साऱ्या वऱ्हाडाचे सुखदुःख त्या बोर्डावरून जात असे. बाहेर लाइनमन उन्हापावसात खांबावर असे, आत ऑपरेटर कानाला यंत्र लावून असे. त्यांच्यावाचून शहरातील सेठजींचा किंवा कलेक्टरसाहेबांचा टेलिफोन म्हणजे निव्वळ काळे खोके.

या कामाचा एक विशेष ध्यानात घ्या. एक्सचेंजला रविवार नाही, दिवाळी नाही आणि नाताळही नाही. आपल्या महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांना एकत्र केले, आठवड्यातून एक दिवस विसावा मागितला आणि १८९० साली रविवारची सुटी मिळविली. म्हणजे ज्या रविवारी आपण निवांतपणे मिस्सेला येतो, त्या रविवारचा विसावाही या प्रांतातील कामकऱ्यांना एकजुटीनेच मिळाला. मात्र ज्याचे कामच चोवीस तासांचे, त्याने काय करावे? एकट्या ऑपरेटरने नाताळच्या रात्री पाळी नको म्हटले, तर ती त्याची कुरकुर ठरते. साऱ्या ऑपरेटरांनी मिळून पाळ्यांचा न्याय्य क्रम लावून मागितला, तर तो नियम ठरतो. कुरकुर आणि नियम यांतील जे अंतर, तेच संघाच्या सभासदत्वाचे पहिले मोल होय.

आता थोडा इतिहास सांगणे प्राप्त आहे; कारण आपण ज्या सावलीत बसतो ते झाड कोणी लावले हे ठाऊक नसले की माणूस ते तोडावयास सहज तयार होतो. हिंदुस्थानात तारखात्याचे काम १८५० च्या सुमारास कलकत्त्याजवळ सुरू झाले, आणि १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे टेलिफोन एक्सचेंजे उघडली. तारमास्तरांचा पहिला मोठा संप १९०८ साली झाला. हेन्री बार्टन हे त्याचे पुढारी होते. कामाच्या तासांची व पाळ्यांची नवी पद्धत लादली गेली हे त्याचे एक मुख्य कारण. कलकत्ता, रंगून, मुंबई अशा ठिकाणच्या तारा त्यावेळी थंडावल्या आणि सरकारास प्रथमच उमगले की तार म्हणजे केवळ तांब्याचा धागा नव्हे, तिच्या टोकाशी माणूस बसलेला असतो.

पुढे १९४६ सालच्या ११ जुलै रोजी पोस्टमन व खालच्या श्रेणीतील नोकरांचा संप सुरू झाला. त्यांचे नेतृत्व मुंबईचे व्ही. जी. दळवी यांनी केले. तारखात्याचे लोकही त्यात उतरले आणि २९ जुलैला त्यांच्या सहानुभूतीसाठी कलकत्त्यात सार्वत्रिक हरताळ पडला. ज्या पोस्टमनला लोक रोज दारात पाहत, त्याच्या अल्प पगाराची गोष्ट तेव्हा घरोघर पोहोचली. परंतु त्या काळी खात्यात लहानमोठ्या अनेक संघटना होत्या. प्रत्येकीची चूल निराळी. १९५४ सालच्या नोव्हेंबरात त्यांची नवी रचना होऊन नऊ अखिल भारतीय संघ आणि त्यांच्या शिरावर एक राष्ट्रीय महासंघ अशी घडी बसली. पत्रे वाटणारा, तारा ओढणारा आणि बोर्डावर बसणारा हे तिघे एका छताखाली आले.

१९६० आणि १९६८ हे दोन आकडे आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी नेहमी असत. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रमपरिषदेत असे ठरले होते की, किमान वेतन हे माणसाच्या गरजेवरून मोजावे. कुटुंबात खाणारी तीन एकके धरावी. प्रौढ माणसास २७०० कॅलरी अन्न, चौघांच्या कुटुंबास वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वेतनाचा पाचवा हिस्सा असा हिशेब धरावा. मागणी काही चैनीची नव्हती, हे या आकड्यांवरूनच दिसते. या मागणीसाठी व महागाईभत्त्यासाठी केंद्रसरकारच्या नोकरांनी ११ जुलै १९६० च्या मध्यरात्रीपासून पाच दिवस संप केला. सरकारने वटहुकूम काढला, संघांची मान्यता काढून घेतली, अनेकांना तुरुंग दाखविला. १९ सप्टेंबर १९६८ रोजी त्याच मागणीसाठी एका दिवसाचा लाक्षणिक संप झाला, तेव्हाही पुन्हा वटहुकूम, अटका आणि बडतर्फी हेच पदरी पडले. काही ठिकाणी तर प्राणहानीही झाली. ते दोन्ही संप तत्काळ यशस्वी झाले नाहीत. मग ते व्यर्थ गेले काय? मला तसे वाटत नाही. १९६६ साली सरकार आणि नोकर यांनी समोरासमोर बसून प्रश्न सोडविण्याची संयुक्त सल्लामसलतीची योजना सुरू झाली. महागाईभत्ता हा पुढे दयेचा विषय न राहता हिशेबाचा विषय झाला. शेतकऱ्यास हे सांगावयास नको की पेरलेले सारेच पहिल्या पावसाला उगवत नाही.

आता एका नोकरीच्या आयुष्यात सभासदत्वाचा उपयोग कसकसा होतो, ते क्रमाने पाहू.

नोकरीच्या आरंभी तरुण माणसास नियम ठाऊक नसतात. कोणती रजा आपल्या हक्काची, कोणती साहेबांच्या मर्जीची. वार्षिक वाढ केव्हा मिळावयाची. बदली झाली तर भत्ता कोणता. कामावर अपघात झाला तर अर्ज कोणाकडे करावयाचा, यांतले त्याला काही कळत नाही. नियमांचे पुस्तक जाडजूड, आणि तेही इंग्रजीत. अशा वेळी शाखेचा चिटणीस हा त्याचा गुरू होतो. समजा, एखाद्या लाइनमनची वार्षिक वाढ कारकुनी चुकीने राहून गेली. तो एकटा गेला तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहील. चिटणीस तेच प्रकरण कागदावर मांडतो, कलमाचा आधार दाखवितो, ते स्थानिक बैठकीच्या विषयपत्रिकेवर चढवितो आणि बैठकीच्या इतिवृत्तात उत्तर लिहवून घेतो. एकदा लिहिले गेले की ते नाकारणे कठीण असते. ज्यास लिहिता येत नाही त्याची लेखणी होणे, हे संघाचे दैनंदिन काम. संपाच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. या कामाची बातमी कधीच येत नाही. परंतु वर्गणीचा मोठा भाग खरा येथेच फळास येतो.

नोकरीच्या मध्यावर निराळाच प्रश्न उभा राहतो. खात्यात वरच्या जागा थोड्या आणि माणसे फार. त्यामुळे ज्या पदावर लागला त्याच पदावर केस पिकले, अशी हजारोंची गत असे. १९८३ साली संघांशी झालेल्या कराराने १६ वर्षे सेवा झालेल्यास वरची वेतनश्रेणी देण्याची योजना आली, आणि १९९० साली २६ वर्षे झालेल्यांसाठी दुसरी योजना आली. जागा रिकामी होण्याची वाट न पाहता सेवेच्या वर्षांना मोल मिळाले. ज्या घरात मुलीचे लग्न आणि मुलाची फी एकाच वर्षी येते, त्या घरात या वाढीचा अर्थ काय, हे माझ्यापेक्षा येथे बसलेल्या माताभगिनी अधिक चांगले सांगतील.

आणि जे कायम नव्हतेच त्यांचे काय? खड्डे खणणारे, केबल ओढणारे, खांब रोवणारे हजारो मजूर वर्षानुवर्षे रोजंदारीवर होते. कायम नोकराइतकेच काम, पण दाम मात्र निम्मेशिम्मे. त्यांच्यासाठी भारतीय डाक तार मजदूर मंच सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर १९८७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की, या मजुरांना नियमित नोकरांच्या किमान श्रेणीइतके वेतन द्यावे आणि वर्षाहून अधिक काळ सतत काम केलेल्यांना सामावून घेण्याची योजना आखावी. त्यानुसार १९८९ साली योजना झाली, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्यांना तात्पुरत्या नोकराचा दर्जा व क्रमाने कायम होण्याची वाट मिळाली. एकटा रोजंदार मजूर दिल्लीच्या त्या न्यायालयाची पायरी कधी चढला असता काय? वकिलाची फी राहू द्या, जाण्यायेण्याच्या भाड्यालाच त्याची महिन्याची मजुरी पुरली नसती.

तिसरा प्रसंग यंत्रांच्या बदलाचा. माझ्या नोकरीत हातबोर्ड गेला, आपोआप चालणारी एक्सचेंजे आली, एस. टी. डी. आली, खेड्यापाड्यांत सी-डॉटची लहान यंत्रे आली, मग मोबाइल आला. प्रत्येक नव्या यंत्रासरशी जुन्या हातांना भय वाटे की आता आपली भाकर गेली. ज्या ऑपरेटरच्या बोटांवाचून अकोल्याहून मुंबई बोलत नसे, त्याच्यावाचून आता बार्शीटाकळीचे पोर थेट अमेरिकेशी बोलू लागले. यंत्र थांबविणे कोणाच्याही हाती नव्हते, आणि ते थांबवावे असेही माझे म्हणणे नाही. परंतु यंत्र आले म्हणून माणूस रस्त्यावर जाऊ नये, त्यास नवे काम शिकवावे, हा आग्रह धरणारे कोणी तरी लागते. तो संघांनी धरला. १४ जुलै २०१३ च्या रात्री देशातील तारसेवा कायमची बंद झाली. १६० वर्षांची ती परंपरा संपली. पण तारघरातील माणसांना खात्याच्या दुसऱ्या कामांवर घेण्यात आले. तार गेली, पण तारमास्तराची चूल विझली नाही.

आता सर्वांत मोठी गोष्ट सांगतो, ती निवृत्तिवेतनाची. १ जानेवारी १९८५ रोजी डाक आणि दूरसंचार ही दोन खाती निराळी झाली. १९८६ साली मुंबई व दिल्लीची टेलिफोनसेवा महानगर निगमकडे गेली. आणि मग असे ठरले की उरलेल्या साऱ्या देशाची सेवा १ ऑक्टोबर २००० पासून भारत संचार निगम या कंपनीकडे द्यावयाची. लाखो सरकारी नोकर एका रात्रीत कंपनीचे नोकर होणार होते. कंपनीचा कारभार आज चांगला, उद्या वाईट. मग जन्मभराच्या सेवेच्या निवृत्तिवेतनाची हमी कोणाची? हा प्रश्न ज्याला पडला नाही असे घर खात्यात उरले नव्हते.

त्यावेळी तीन निरनिराळे महासंघ होते. तिघांचे झेंडे वेगळे आणि एरवी तिघांचे फारसे पटत नसे. परंतु ६, ७ आणि ८ सप्टेंबर २००० या तीन दिवशी तिघांनी मिळून संप केला. वाटाघाटी झाल्या, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस निवृत्तिवेतनाच्या नियमांत ३७-अ हा नियम घालण्यात आला. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा : जे सरकारी नोकर कंपनीत गेले त्यांची सरकारातील व कंपनीतील सेवा एकत्र मोजावी आणि त्यांचे निवृत्तिवेतन सरकारने द्यावे. आज वऱ्हाडातल्या कितीतरी म्हाताऱ्या जोडप्यांच्या, कितीतरी विधवांच्या घरी महिन्याच्या महिन्याला जे पैसे येतात, ते त्या तीन दिवसांमुळे येतात. तीन दिवसांचा पगार गेला, पण उरलेल्या आयुष्याची भाकर राहिली. हा व्यवहार तोट्याचा झाला असे कोण म्हणेल?

पण याच कथेची दुसरी बाजू लपविता येणार नाही. १ ऑक्टोबर २००० नंतर जे थेट कंपनीत लागले त्यांना हा लाभ नाही. त्यांची भिस्त भविष्यनिर्वाह निधीवर. एकाच टेबलावर, एकाच कामास बसलेल्या दोघांच्या म्हातारपणात केवढा हा फरक! आणि २०१९ साली स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी ७८,५६९ नोकर भारत संचार निगममधून बाहेर पडले. निम्म्याहून अधिक खुर्च्या एका संध्याकाळी रिकाम्या झाल्या. संघांना ती वेळ टाळता आली नाही. संघ सर्वशक्तिमान नाही. तो पूर थांबवीत नाही; पुरात दोर टाकतो. आणि दोर आधी वळून ठेवलेला असेल तरच तो वेळेवर हाती येतो.

संघाच्या दोषांबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. पहिला दोष फुटीचा. एका एक्सचेंजमध्ये दहा माणसे आणि चार फलक, हे दृश्य मी पाहिले आहे. राजकीय पक्षांची भांडणे कामगारांच्या ताटात वाढली गेली. दुसरा दोष असा की कामचुकार माणसासही कधी कधी संघाची ढाल मिळाली, आणि त्यामुळे लोकांच्या नजरेत सारेच कामगार कामचुकार ठरले. टेलिफोन महिनोन्‌महिने बंद, तक्रार केली तर दाद नाही, अशा काळात जनतेने आमच्यावर राग धरला असेल तर तो सर्वस्वी अन्यायाचा नव्हता. तिसरा दोष, काही पुढारी खुर्चीला चिकटून बसले आणि तरुणांना व स्त्रियांना वाव मिळाला नाही. हे दोष खरे आहेत. परंतु पिकात तण माजले म्हणून कोणी शेत पडीक टाकीत नाही. डवरा घेऊन शेतात उतरतो. ज्यास संघातील दोष दिसतात त्याने संघाबाहेर उभे राहून हसण्यापेक्षा आत येऊन मत द्यावे, हिशेब मागावा, वेळ पडल्यास स्वतः चिटणिसाचे ओझे उचलावे.

येथे एका विशेष प्रकारच्या शहाण्याचा उल्लेख करतो. हा वर्गणी देत नाही, सभेस येत नाही, संपाच्या दिवशी आजारी पडतो. आणि पगारवाढ झाली की पहिला पेढा मात्र हाच खातो. कराराचा लाभ सभासदास आणि बिगरसभासदास सारखाच मिळतो, हे त्याने हेरलेले असते. आपल्या खेड्यांत पूर्वी इर्जिक होत असे. एखाद्याचे बैल मेले, कोणी आजारी पडला, पेरणी खोळंबली, तर सारा गाव आपापले बैल घेऊन त्याच्या शेतात उतरे आणि एका दिवसात शेत नांगरून देई. मोबदला काय, तर सर्वांचे एकत्र जेवण. परंतु जो माणूस प्रत्येक इर्जिकीत जेवावयास येतो आणि बैल मात्र कधीच आणीत नाही, त्यास गाव काय म्हणतो, हे मी सांगावयास नको. युनियन ही पगारदार माणसाची इर्जिक आहे. वर्गणी हा तिच्यातला आपला बैल.

धर्माचे या बाबतीत काय म्हणणे आहे, असे कोणी विचारील. त्याचेही उत्तर स्पष्ट आहे. १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोवारुम' हे विश्वपत्र काढले. कामगारांनी आपसात संघ स्थापणे हा माणसाचा निसर्गसिद्ध हक्क आहे आणि राज्याने तो हिरावून घेऊ नये, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. पवित्र शास्त्रातील उपदेशकाच्या ग्रंथात एकट्यापेक्षा दोघे बरे असा जो विचार आहे, त्याचाच त्यांनी आधार घेतला. त्याचबरोबर कामगारांची कर्तव्येही त्यांनी सांगितली : कबूल केलेले काम इमानाने करावे, मालकाच्या मालमत्तेची नासधूस करू नये, हिंसेचा मार्ग धरू नये. हक्क आणि कर्तव्य ही बैलजोडी त्यांनी एकाच जुवाला जुंपली. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रमावरील विश्वपत्रात संघांचे महत्त्व पुन्हा मांडले. आणि ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप महाराजांनी चौदावे लिओ हे नाव धारण केले, ते तेराव्या लिओंचे स्मरण ठेवून. कारण आज विचार करणाऱ्या यंत्रांमुळे कामगारांपुढे तसाच नवा प्रसंग उभा आहे, असे त्यांनी स्वतः सांगितले. संदेश वाहणाऱ्या गॅब्रिएल देवदूताला पोप बारावे पायस यांनी १९५१ साली दूरसंचाराच्या कामगारांचा आश्रयदाता नेमले, हेही आपल्या टॉवरवर चढणाऱ्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

आता अखेरीस त्या मुलांशी थेट बोलतो.

मुलांनो, आमचा काळ आणि तुमचा काळ एक नाही. आम्ही एका छताखाली बसत होतो. चहाच्या सुटीत शंभर माणसे भेटत, सभा आपोआप भरे. तुम्ही एकेकटे मोटारसायकलवर गावोगाव फिरता, हुकूम मोबाइलवर येतो आणि साहेबाचे तोंडही कधी दिसत नाही. तुमचा संघ उभारणे आमच्यापेक्षा कठीण आहे, हे मला मान्य आहे. परंतु अशक्य नाही. संघ स्थापण्याचा हक्क आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमात आहे. १९२६ चा जुना ट्रेड युनियन कायदा जाऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. तिच्याप्रमाणेही सात जणांच्या अर्जाने संघाची नोंदणी होऊ शकते, मात्र कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल तितके तरी सभासद लागतात. मालकाशी एकट्याने वाटाघाट करण्याचा मान ५१ टक्के कामगार ज्याच्या पाठीशी आहेत त्या संघाला मिळतो. संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. नियम कडक झाले आहेत. म्हणून तर फुटीची चैन आता परवडणारी नाही.

आणि संघ होईपर्यंतही चार गोष्टी आजच करता येतील. नेमणुकीचा कागद मागून घ्या व जपून ठेवा. भविष्यनिर्वाह निधीचा आपला क्रमांक पाठ करा आणि ठेकेदार त्यात खरोखर पैसे भरतो की नाही ते दर महिन्यास पाहा. सुरक्षेचा पट्टा आणि शिरस्त्राण यांवाचून टॉवरवर पाय ठेवू नका. तो नकार एकट्याने देणे जड जाते, म्हणून बरोबरच्या साऱ्यांनी मिळून द्या. आणि कोणा साथीदारावर अन्याय झाला तर ती त्याची खाजगी बाब मानू नका. संघाची नोंदणी कचेरीत होते, पण त्याचा जन्म याच ठिकाणी होतो.

बंधुभगिनींनो, आपल्या या गावात कालिकादेवीच्या प्राचीन देवळात बाराव्या शतकातील शिलालेख आहे. कोणा राजपुरुषाचा निरोप दगडावर कोरला गेला आणि आठशे वर्षे टिकला. आम्हा तारवाल्यांचे आणि टेलिफोनवाल्यांचे निरोप मात्र वाऱ्यावर विरून गेले. कोणी बोलले, कोणी ऐकले, संपले. आमच्या नोकरीचे टिकलेले कोरीव काम जर काही असेल, तर ते हे नियम, हे करार आणि आमच्यामागून येणाऱ्यांसाठी राखलेले हे हक्क. ते दगडावर कोरलेले नाहीत. म्हणून प्रत्येक पिढीने त्यांवर पुन्हा हात फिरवावा लागतो, नाही तर अक्षरे पुसट होतात.

कपाशीचा एक तंतू लेकराच्या बोटानेही तुटतो. तेच तंतू पिळून सूत झाले, सुताचा दोर झाला, की तो भरलेली मोट विहिरीतून वर आणतो. तंतूचे सामर्थ्य वाढलेले नसते. तो एकटा राहिलेला नसतो, इतकेच. चाळीस वर्षांच्या नोकरीत मी सभासदत्वाचे मोल मोजले ते एवढेच, आणि माझ्या मते ते पुष्कळ आहे.